राणीचे गाल

आमच्या जुईचं बारसं झालं ते साल २०४३. जुई म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलाची, गौरेशची मुलगी. त्या बारशाला माझे यजमान अंकुश पाळण्यावर वाकून हसले. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचं ते शेवटचं मोठं हसू. फोटो काढणारा नेमका तेव्हा पंगतीला बसला होता.

यजमान दशावतारात होते. कुडाळच्या बाजूला दाजी परबांची नाटकमंडळी होती, तिच्यात ते तरुणपणापासून स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची कामं करणारे. आमच्या दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट ठरलेली, पण बोलणं ज्याचं त्याने उभ्या जागी करायचं. रंगही आपला आपण लावायचा. त्यांची नावाजलेली भूमिका चंद्रसेना राणीची. राज्य जातं, मूल जातं, आणि राणी ते मेलेलं मूल पोटाशी धरून रानातल्या झाडांना विचारत फिरते की हे झोपलंय ना. बायका पदराने डोळे पुसायच्या. पुरुष विडी ओढायला म्हणून बाहेर जायचे.

घरात एक रीत होती, सासूबाईंनी घातलेली. माझे सासरेही स्त्रीपार्टीच होते. नाटक करून माणूस उजाडताना परत आला की त्याने खोबरेल लावून रंग पुसायचा, पायरीखाली उभं राहून तोंड धुवायचं, आणि बायकोने उंबऱ्याच्या आतून विचारायचं, "कोण ता?" त्याने आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव सांगायचं. मगच आत. सोंग घेतलेल्या बाईला घेऊन माणूस घरात येता कामा नये, असं सासूबाई म्हणत. आम्ही दोघं त्याचा खेळ करायचो. मी विचारायचे, "कोण ता?" तर हे म्हणायचे, "तुझी सवत." मग मी दार लावून घ्यायचे आणि चहा थंड होईपर्यंत उघडायचे नाही.

मला लिहिता-वाचता नंतर आलं, चाळिशी उलटल्यावर. त्यांनीच शिकवलं. पावसाळ्यात नाटकं बंद असत. ते समोर बसून ओठांनी अक्षर करून दाखवत आणि मी ते पाटीवर काढत असे. प म्हणताना त्यांचा वरचा ओठ डावीकडे किंचित चढायचा. त्यामुळे माझा प अजूनही डावीकडे कलतो. हे एवढ्यासाठी सांगते की त्यांचा चेहरा मला किती पाठ होता ते कळावं.

साठीच्या आसपास त्यांच्या दाढा गेल्या आणि गाल बसले. बारशाच्या पंगतीत दाजी परब म्हणाले, "राणीच्या गालांत आता एकेक सुपारी रवात." सगळे हसले, हेही हसले. घरी आल्यावर मात्र आरशासमोर बसून तोंडात हवा भरून बघत राहिले. पुढच्या नाटकाला गालांत कापूस भरला, तर शब्द ओले व्हायला लागले. तेव्हा त्यांनी गौरेशला पणजीच्या फिलर भरणाऱ्या एका दवाखान्याची चौकशी करायला लावली.

फिलर म्हणजे चेहऱ्यात सुईने भरायचा गर. आमच्या गावात लोक त्याला भराव म्हणत, रस्त्याला घालतात तसा. डॉक्टर मिनेझिस नावाच्या बाई होत्या, माझ्याहून वयाने लहान, पण बोलायला घाई नसलेल्या. त्यांनी दोघांनाही समोर बसवून समजावलं.

पूर्वीचं फिलर वर्षभरात विरघळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. गाल फुगायचे, पण हसताना मेणाचे वाटायचे, कारण चेहरा हलायचा आणि आतला गोळा जागीच राहायचा. नवं जेल वेगळं होतं. ते थंडीत पाण्यासारखं पातळ आणि अंगाच्या उबेत घट्ट. म्हणून सुया बर्फाच्या डब्यात ठेवलेल्या. जेल म्हणजे लांब लांब साखळ्या, आणि त्यांच्यामध्ये बारीक दुवे. ताण आला की दुवे सुटतात, ताण स्थिर झाला की नव्या जागी पुन्हा जुळतात. सुरुवातीचा महिनाभर हे दुवे चंचल असतात. चेहरा ज्या ठेवणीत जास्त राहील ती ठेवण जेल शिकतं. मग शरीर आपले तंतू त्यात विणतं आणि ते कायमचं होतं. त्यामुळे माणूस हसला की गालही खरे हसतात. अर्धांगवायूने तोंड वाकडं झालेल्या एका शिक्षिकेला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. ती मला म्हणाली, की वर्गातल्या मुलांनी तिला ओळखायला पुन्हा सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, तिचा चेहरा छान होता.

धोकेही डॉक्टरांनी लपवले नाहीत. सूज येते, गाठ होऊ शकते. सुई रक्तवाहिनीत गेली तर वरची कातडी मरते, आणि क्वचित डोळाही जातो. तंतू विणले गेल्यावर जेल सहजी काढता येत नाही. मी विचारलं, नको झालं तर? त्या म्हणाल्या, "महिन्याच्या आत या. नंतर माझ्याही हातात फार नाही."

मग त्या यजमानांकडे वळल्या. "महिनाभर चेहरा शांत ठेवायचा. रडणं नाही, ओरडणं नाही. काम पूर्ण बंद. जमेल?"

"बंद म्हणजे बंद," हे म्हणाले. मीही मान हलवली.

जेल भरलं, आणि आम्ही काम बंद ठेवलं. महिन्याभराच्या सगळ्या सुपाऱ्या, म्हणजे ठरवून घेतलेले प्रयोग, यांनी सोडले. दाजी परब कुरकुरले, तरी ऐकलं नाही. घरात मी यांना हसवायचं नाही असा नियम केला. गौरेशला सांगून ठेवलं की जुईला ताप आला तरी बाबांना सांगू नको.

पण जत्रा होत्या. आमच्या गावच्या देवळातला आणि आसपासच्या चार देवळांतला दहीकाला, म्हणजे जत्रेच्या रात्रीचं दशावतारी नाटक, हा आम्हा घाड्यांचा मान आहे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. त्या पाच ठिकाणी यांनी राणी उभी करायची असते. त्याला आमच्यात कोणी काम म्हणत नाही. सुपारी घेऊन करतात ते काम. देवाच्या दारात करतात ती सेवा. डॉक्टरांनी काम म्हटलं होतं, ते आम्ही अक्षरशः पाळलं. सेवेचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही आणि आमच्याही नाही.

त्या वर्षीची राणी जन्मात पाहिली नाही असं लोक म्हणतात. गाल भरलेले, कातडी तुकतुकीत. रंगाच्या थराखाली, दिव्यांच्या झोतात चेहरा तापलेला, आणि हे पहाट होईपर्यंत रडत होते. पाचही देवळांत तसेच.

शेवटच्या जत्रेहून परत आले त्या सकाळी मी तांब्या भरून पायरीवर ठेवला. यांनी तोंड धुतलं. मी आतून विचारलं, "कोण ता?"

"मी अंकुश. अंकुश गोविंद घाडी."

मी वर पाहिलं. रंगाचा ठिपकाही राहिला नव्हता. पण भुवया मध्ये उंच चढलेल्या, ओठांची टोकं खाली ओढलेली, हनुवटी गोळा झालेली. चंद्रसेना उभी होती. मला वाटलं, सवतीचा खेळ चालू आहे. मी म्हटलं, आता पुरे करा. ते म्हणाले, मी काहीच करत नाही. बोटांनी भुवया खाली दाबल्या तर दबायच्या, सोडल्या की पुन्हा वर. मी त्यांना बराच वेळ आत घेतलं नाही. शेवटी शेजारी बघायला लागले म्हणून मी बाजूला झाले. ते पायरी चढले, आणि मला वाटलं, दोघं आत आली.

पणजीला डॉक्टरांनी चेहऱ्याला यंत्र लावून पाहिलं. दुवे जुळून गेले होते, तंतू भरभर विणले जात होते. नेहमीपेक्षा लवकर, कारण चेहरा तापत होता. त्या म्हणाल्या, मी काम बंद ठेवायला सांगितलं होतं. हे म्हणाले, ठेवलं होतं. मग बोलता बोलता जत्रांची गोष्ट निघाली. डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की मी प्रत्येकाला ऑफिस, दुकान, शेती विचारते, देऊळ कधी विचारलं नाही.

त्यांनी उशीवरच्या खळग्याचं उदाहरण दिलं. रोज एकाच जागी डोकं ठेवलं की खळगा पडतो आणि मग डोकं आपोआप तिथेच जातं. यांना हसता येत होतं, पण ताकद लावून, क्षणभर. स्नायू दमले की जेल चेहरा परत रडण्यावर नेऊन ठेवायचं. लगेच विरघळवायचं औषध देऊन पाहावं का, असं त्यांनी विचारलं. अर्धं जाईल, अर्धं राहील, गाल खड्ड्याखड्ड्याचे होतील. यांनी नको म्हटलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, नको का म्हणालात?

"माझा तोंड माका खंय दिसता?" हे म्हणाले. "माका आतसून हसाक येता, तेवढा पुरे."

सुरुवातीला फायदाच झाला, हे लिहायला हवं. राणी बघायला रत्नागिरीहून, बेळगावहून गाड्या यायच्या. राणीने तोंडातून शब्द काढायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. मंडळीतली बाकीची माणसं त्यावर जगली. दाजी परबांनी गालांतल्या सुपारीचा विषय पुन्हा काढला नाही.

घरात मात्र वेगळं होतं. यजमान मुळात चेष्टेखोर. माशाच्या बाजारात उभे राहिले तर कोळणींना हसवून बांगडा स्वस्त आणणारे. आता ते तीच चेष्टा करत आणि चेहरा रडत असे. माणसं आधी हसायची, मग त्यांचं हसू तोंडातच सुकायचं. कोळणी पैसे न घेता मासे द्यायला लागल्या, तेव्हा यांनी बाजारात जाणं सोडलं. लग्नकार्यात घरची माणसं यांना मांडवाच्या मागच्या बाजूला बसवत, अगदी आदराने, पंखा लावून. मयताला मात्र पुढे बोलावत. जे मेलेत त्यांना हे ओळखतही नसत, पण घरच्यांना यांच्या तोंडाकडे बघून बरं वाटायचं.

दुपारी ते ओसरीवर झोपत. झोपेतही राणी रडत असायची. मी धान्य पाखडायला बसले की पाठ त्यांच्याकडे करून बसे. तरी मानेवर जाणवायचं की मागे कोणीतरी बाई मूल शोधते आहे. त्यांचा ओठ आता प म्हणताना डावीकडे चढत नव्हता. मी तोंड पाहायचं टाळून नुसता आवाज ऐकायला शिकले. आवाज त्यांचाच होता. डोळे मिटून मी त्यांच्याशी संसार केला म्हटलं तरी चालेल.

जुई चालायला लागली तेव्हा ते घडलं. आमची सून सिद्धी कुडाळच्या बँकेत नोकरीला. जुईला ती दिवसभर आमच्याकडे ठेवायची. आजोबा आणि नात एकमेकांना सोडत नसत. एका संध्याकाळी सिद्धीने तिच्यासाठी जत्रेतलं गुळाचं खाजं आणलं. पुडी बघितल्याबरोबर जुईच्या भुवया मध्ये वर चढल्या, ओठ खाली ओढले गेले, हनुवटी गोळा झाली. रडली नाही. तिला आनंद झाला होता. आनंद झाला की माणूस असं तोंड करतो, हे ती ज्यांच्याकडून शिकली त्यांच्याकडे सिद्धीने पाहिलं.

"आई, माका तुमचा वायट वाटता," ती मला आत येऊन म्हणाली, "पण ती असाच शिकली तर तिका कोण समजून घेयत?" दुसऱ्या दिवसापासून जुई पाळणाघरात गेली.

आठवड्याने यजमान स्वतःच पणजीला जाऊया म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा यंत्र लावलं. पडद्यावर त्यांचा गाल उघडून दाखवल्यासारखा दिसत होता. डोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिनीभोवती जेलने वेढा घातला होता, वेलीने काठीला घालावा तसा. काढायला गेलं तर उजवा डोळा जवळजवळ नक्की जाणार होता आणि डाव्याचीही खात्री नव्हती. मी विचारलं, थंडीत ते पातळ होतं ना, मग थंड करून का काढत नाही? त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे. तंतू म्हणजे नुसते दोरे, ताण सगळा जेलचा. जेल पूर्ण थंड झालं तर चेहरा आपोआप सुटेल. पण चेहरा तितका खोल थंड केला तर जिवंत माणसाची कातडी आणि नसा टिकत नाहीत.

"एक डोळो गेलो तरी चलात," हे मला म्हणाले. "जुईक, आमच्या चेडवाक, माझा तोंड दिसाक होया."

"आणि तुमका चेडू दिसाक नको?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या. एका बाजूला यजमानांचा चेहरा, एका बाजूला त्यांचे डोळे, आणि तराजू माझ्या हातात दिल्यासारखा. चेहरा गेल्याचं दुःख मला होतं, त्यांना नव्हतं. डोळे गेल्याचं त्यांना झालं असतं. मी नाही म्हटलं. आम्ही परत आलो.

वाटेत वेंगुर्ल्याच्या जेटीवर मी गाडी थांबवली आणि मासळीच्या पेटीतला बर्फ पिशवी भरून घेतला. घरी ओसरीवर त्यांना बसवलं, फडक्यात बर्फ बांधून डाव्या गालाला धरला. हात बधिर झाला तरी सोडला नाही. ते म्हणाले, आता गाल आहे की नाही तेच कळत नाही. मी फडकं काढलं.

डावी बाजू सुटली होती. भुवई खाली आली, ओठाचं टोक सरळ झालं. मी गुदगुल्या केल्या. त्यांचा वरचा ओठ डावीकडे किंचित चढला. अर्धा चेहरा माझ्या नवऱ्याचा आणि अर्धा राणीचा. दोघं शेजारी बसून माझ्याकडे बघत होती. मग ऊब परत आली आणि राणीने आपली बाजू ओढून घेतली.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ लावला, तिसऱ्याही. गालावर फोड आले, कातडी काळी पडली. डॉक्टरांनी फोनवर मला पहिल्यांदा दरडावलं. मी बंद केलं.

त्यांनी नाटक सोडलं. दाजी परब येऊन पाया पडायला लागले, पण हे हलले नाहीत. शेवटची सेवा करून त्यांनी राणीचा शालू देवळात दिला. मग सिद्धीकडे गेले आणि जुईला रविवारपुरती मागून घेतली. तिच्यासाठी त्यांनी एक खूण काढली. आपल्या गालावर दोन बोटं टेकवली की आजो हसतोय. बोटं नाहीत तर हसत नाही. एवढं त्या पोरीला चटकन कळलं. तिने काही गंमत सांगितली की ती त्यांच्या हाताकडे बघायची, तोंडाकडे नाही. कधी ते मुद्दाम बोटं उशिरा टेकवत आणि ती त्यांचा हात धरून जबरदस्तीने गालाला लावी. हळूहळू तिचा स्वतःचा चेहरा सुधारला. सिद्धीने तिला पुन्हा आमच्याकडे ठेवायला सुरुवात केली.

अशी काही वर्षं गेली. मग थंडीच्या दिवसांत त्यांच्या छातीत कफ झाला, आणि एका सकाळी गरम पेज पिऊन ते आडवे झाले ते उठले नाहीत.

माणसं जमली. घाड्यांच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. गौरेश घरातच होता, यांच्या बहीण-भावांपैकी कोणी लांब राहत नव्हतं. शिवाय यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मेलेला माणूस शांत दिसायला हवा, आणि हे रडत होते. कोणीतरी तोंडावर फडकं टाकलं. मी गौरेशला बाजूला घेतलं आणि कुडाळहून शीतपेटी आणायला सांगितलं, मयत थंड ठेवतात ती. त्याला कळलं नाही, पण तो गेला.

दाजी परब काठी टेकत माझ्याजवळ आले. "सगळे हयच आसत. कोणाची वाट बघतंस गो?"

"एकजण येवचो आसा," मी म्हटलं.

पेटी आली. त्यांना आत ठेवलं, झाकण लावलं, आणि काचेवर दव धरलं. मी पेटीजवळच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर मी गौरेशला झाकण काढायला लावलं आणि फडकं स्वतः दूर केलं.

भराव थंडीने पातळ झाला होता. गाल खोल बसले होते, प्रत्येकात सुपारी राहील एवढे. भुवया आपल्या जागी. ओठ मिटलेले, वरचा डावीकडे किंचित चढलेला. म्हातारे झाले होते. मी त्यांना म्हातारपणी पाहिलंच नव्हतं.

जुई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती पेटीत वाकली. मग तिने खोलीत इकडे तिकडे बघितलं, आणि माझा पदर ओढून विचारलं,

"कोण ता?"

ती रीत तिला कोणी सांगितली नव्हती. मी म्हटलं, "अंकुश. अंकुश गोविंद घाडी. तुझो आजो."

तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग हात आत घालून दोन बोटं त्यांच्या गालाला टेकवली.

माझे यजमान अंकुश गोविंद घाडी ११ फेब्रुवारी २०५२ रोजी सकाळी आमच्या राहत्या घरी वारले. त्यांना दुसऱ्या दिवशी अग्नी दिला.